बापाच्या नावावरचे दिवस



आज स्वीडनची गोष्ट सांगते. तान्ह्या बाळाच्या संगोपनात वडिलांनीही हात लावावा म्हणून या देशाने गेली पन्नास वर्षे नाना उपाय करून पाहिले. त्यातले काही फसले, काही लागू पडले. मी बी.कॉम. झालेली. त्यामुळे असा इतिहास वाचताना माझे लक्ष भाषणांपेक्षा आकड्यांकडे आधी जाते, आणि या गोष्टीत खरी गंमत आकड्यांतच आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबची गोष्ट आपल्याला कशाला? आपल्या घरांकडे बघा. मुली आणि सुना सी.ए. आहेत, इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत. पहिले मूल होईपर्यंत सगळे सुरळीत चालते. मग सहा महिन्यांनी प्रश्न येतो, बाळाला कोण बघणार? बहुतेक घरांत उत्तर दोनच: एक तर ती नोकरी सोडते, नाहीतर तुम्ही-आम्ही साठीतल्या आज्या परत कंबर कसतो. बाळाचा बाप या हिशेबात धरलेलाच नसतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्याचे नावच त्या पानावर कोणी लिहिलेले नसते.

स्वीडनमध्येही पूर्वी असेच होते. १९३० च्या दशकात तिथे जन्मदर फार खाली आला होता. १९३४ मध्ये आल्वा आणि गुन्नार मिर्डाल या नवरा-बायकोने लोकसंख्येच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले आणि देशभर चर्चा पेटली. मूल वाढवण्याचा खर्च एकट्या कुटुंबावर टाकला तर लोक मुले होऊ देणार नाहीत, समाजाने भार उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यातून बाळंतिणींना मदत सुरू झाली. १९५५ पासून नोकरी करणाऱ्या आईला तीन महिन्यांची भरपाई मिळू लागली. पण हे सगळे आईसाठी. बाप मिळवून आणणारा, आई सांभाळणारी, ही वाटणी कोणी हलवली नव्हती.

ती हलवली ती एका लेखाने. १९६१ मध्ये एवा मोबेरी नावाच्या तरुण लेखिकेने एक साधी गोष्ट मांडली. बायकांना नोकरीची मोकळीक दिली, पण अट घातली की घर आणि मुले आधी सांभाळायची. ही सशर्त सुटका झाली, असे ती म्हणाली. पुरुषाला एक काम आणि बाईला दोन कामे, असे चालणार नाही. मूल दोघांचे, तर सांभाळही दोघांचा. यावर वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे वाद झाले. १९६८ मध्ये स्वीडनने संयुक्त राष्ट्रांना बायकांच्या स्थितीबद्दल अहवाल पाठवला, त्यात सरकारनेच मान्य केले की पुरुषाची भूमिका बदलल्याशिवाय बाईची बदलणार नाही. १९७० मध्ये पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांनी वॉशिंग्टनमध्ये भाषण केले, त्याचा विषय होता पुरुषाची मुक्ती. मुलांपासून तुटलेला पुरुषही काहीतरी गमावतो, असा त्याचा गाभा. त्या काळात देशाचा पंतप्रधान हे बोलतो, ही लहान गोष्ट नव्हती.

१९७१ मध्ये नवरा-बायकोचा आयकर वेगवेगळा मोजायला सुरुवात झाली. त्याआधी दोघांचे उत्पन्न एकत्र धरत, त्यामुळे बायकोच्या पगारावर कर जबर बसे आणि तिने नोकरी करण्यात फारसे उरत नसे. ही झाली पूर्वतयारी. मग आले १९७४ साल.

त्या वर्षी १ जानेवारीपासून स्वीडनने मातृत्व विमा बंद करून पालक विमा सुरू केला. असे करणारा तो जगातला पहिला देश. सहा महिन्यांची रजा, पगाराच्या ९० टक्के भरपाई, आणि हे दिवस आई-वडिलांनी आपसांत हवे तसे वाटून घ्यायचे. कायद्यात आई आणि बाप एका ओळीत आले. पुरुषांना हे कळावे म्हणून सामाजिक विमा खात्याने पुढे जाहिरातीही केल्या. त्यातले एक भित्तिपत्रक आजही तिकडे प्रसिद्ध आहे. लेन्नार्ट डालग्रेन नावाचा धिप्पाड, मिशाळ वेटलिफ्टर, टोपणनाव होआ-होआ, दंडावर एवढेसे बाळ घेऊन हसतो आहे, आणि मजकुराचा अर्थ असा की हा बाळासाठी रजेवर असलेला बाप. लोखंड उचलणाऱ्या माणसाच्या हाताला बाळ जड नाही, हे त्यातून सांगायचे होते.

आता आकडा ऐका. १९७४ मध्ये घेतल्या गेलेल्या एकूण दिवसांपैकी वडिलांनी घेतले अर्धा टक्का. म्हणजे दोनशे दिवसांतला एक. पुढे रजा वाढत गेली, १९८० मध्ये ती एक वर्षाची झाली, १९८९ मध्ये पंधरा महिन्यांची. बाळ जन्मल्यावर वडिलांना दहा दिवस वेगळे मिळू लागले, आणि ते बरेच वडील घेतही. पण मुख्य रजेत मात्र वीस वर्षांनंतरही त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच घुटमळत होता.

कायदा होता, पैसे होते, पंतप्रधान बोलत होते, भिंतीवर होआ-होआ हसत होता. तरी बाप घरी राहिला नाही. का?

कारण 'दोघांनी हवे तसे वाटून घ्या' या वाक्यात फार मोठी फट होती. वाटून घ्यायचे म्हटले की घरात हिशेब होतो. नवऱ्याचा पगार जास्त, मग रजेतला तोटाही त्याचाच जास्त. तेव्हा तूच राहा. साहेब विचारतो, बायको घेऊ शकते ना रजा, मग तू कशाला? या प्रश्नाला पुरुषाकडे उत्तर नसते. आणि आईलाही वाटते की एवढ्याशा बाळाचे दिवस आपण दुसऱ्याला देतो आहोत. बापाने एक महिना मागितला तर तो आईच्या ताटातून काढून घेतल्यासारखा होई. कोणीच मागत नसे. जी वस्तू सगळ्यांच्या नावावर असते ती शेवटी घरातली बाई उचलते, हे आपल्याला स्वीडनने शिकवायची गरज नाही. ओल्या कपड्यांची बादली बघा.

उत्तर आधी सापडले शेजारच्या नॉर्वेला. १९९३ मध्ये नॉर्वेने रजेतले चार आठवडे फक्त वडिलांच्या नावाने बाजूला काढले. आईला ते वापरता येणार नाहीत. बापाने घेतले तर घेतले, नाहीतर बुडाले. त्याआधी तिथे शंभरातले तीन-चार वडील रजा घेत. काही वर्षांतच सत्तरहून अधिक घेऊ लागले.

स्वीडनमध्ये हे काम केले बेंग्ट वेस्टरबेरी यांनी. ते लिबरल पक्षाचे पुढारी, उपपंतप्रधान आणि समाजकल्याण मंत्री होते. त्यांच्या आघाडीतल्या इतर पक्षांना कल्पना पसंत नव्हती. कोणी घरी राहायचे ते घर ठरवेल, सरकारने नाक का खुपसावे, असा आक्षेप होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. शेवटी देवाणघेवाण झाली. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला घरी मूल सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता हवा होता, तो त्यांना दिला, आणि वेस्टरबेरींनी आपला 'बापाचा महिना' मंजूर करून घेतला. १ जानेवारी १९९५ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठी ३० दिवस आईच्या नावावर आणि ३० दिवस बापाच्या नावावर राखून ठेवले गेले. उरलेले पूर्वीसारखेच वाटून घ्यायचे. पुढच्या सरकारने तो भत्ता लगेच बंद केला, बापाचा महिना मात्र टिकला.

या नियमाचा परिणाम मोजणे सोपे होते. डिसेंबर १९९४ मध्ये जन्मलेले बाळ आणि जानेवारी १९९५ मध्ये जन्मलेले बाळ, यांच्या वडिलांत तसा काय फरक? त्याच गावातले, त्याच वयाचे, त्याच कारखान्यात जाणारे. तीन अर्थशास्त्रज्ञांनी नेमकी हीच तुलना केली. डिसेंबरच्या बाळांच्या वडिलांपैकी निम्म्याहून अधिकांनी एकही दिवस रजा घेतली नव्हती. जानेवारीच्या बाळांच्या वडिलांत असे कोरडे राहिलेले पाचांत एकाहूनही कमी निघाले. मने एका रात्रीत बदलली नव्हती. फक्त वहीत खाते बदलले होते. तीसहून अधिक वर्षे चाललेल्या चर्चेने आणि वीस वर्षे लावलेल्या जाहिरातींनी जे झाले नाही, ते एका नोंदीने झाले.

आता साहेबाला उत्तर होते: हे दिवस माझ्याच नावावर आहेत, बायकोला चालत नाहीत, मी घेतले नाहीत तर बुडतील. बुडीत जाणारी गोष्ट कोण सोडतो? वेस्टरबेरींना आपल्या व्यापारी घरातला स्वभाव बरोबर कळला होता असे मला वाटते.

२००२ मध्ये राखीव दिवस ६० झाले आणि एकूण रजा ४८० दिवसांची झाली. २०१६ मध्ये राखीव दिवस ९० झाले. वडिलांचा वाटा २००० च्या सुमारास बारा टक्के होता, तो २०२० च्या सुमारास तीस टक्क्यांवर गेला. मधल्या काळात दुसऱ्या एका सरकारला वाटले, सक्ती नको, बक्षीस देऊ. १ जुलै २००८ पासून जे आई-बाप रजा समान वाटतील त्यांना समानतेचा बोनस मिळू लागला, महिन्याला तीन हजार क्रोनरपर्यंत. परिणाम जवळजवळ शून्य. नियम किचकट, पैसे उशिरा हातात येणारे, आणि पुष्कळ लोकांना तो आहे हेच माहीत नाही. २०१७ पासून तो बंद झाला. बोनस मिळेल म्हणून माणूस हलला नाही, हातचे जाईल म्हणून हलला. आपल्याकडेही दुकानात सवलतीची पाटी लावली की लोक 'बघू' म्हणतात, आणि 'शेवटचा दिवस' लिहिले की रांग लागते.

नॉर्वेनेही याचा उलटा पुरावा दिला. २०१४ मध्ये त्यांनी वडिलांचे १४ राखीव आठवडे कमी करून १० केले. कोणी सांगितले नव्हते की दहाच घ्या, बाकीच्या सामाईक रजेतून घेता आलेच असते. पण वडीलही दहावर उतरले. मग २०१८ मध्ये ते आठवडे १५ केले. म्हणजे नियम जिथे रेघ ओढतो, बाप तिथवर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे, बाळंतिणीचे. २०१२ पासून स्वीडनने आणखी एक सोय केली. बाळ वर्षाचे होईपर्यंत आई रजेवर असतानाच बापालाही ३० दिवसांपर्यंत, लागतील तेव्हा एकेक करून, घरी राहता येऊ लागले. पेट्रा पर्सन आणि माया रॉसिन-स्लेटर या दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी या नियमाच्या आधीच्या आणि नंतरच्या आयांच्या आरोग्याच्या नोंदी तपासल्या. पहिल्या सहा महिन्यांत चिंतेवरच्या गोळ्या लागणाऱ्या आयांचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी झाले, प्रतिजैविके ११ टक्क्यांनी. बाळंतपणानंतरच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयात जाणेही १४ टक्क्यांनी कमी झाले. आणि वडील महिनाभर घरी बसले होते असेही नाही. बहुतेकांनी मोजकेच दिवस घेतले. ज्या दिवशी तिला ताप आला, रात्रभर झोप झाली नाही, छातीत गाठ धरली, त्या दिवशी तो घरी होता, एवढेच.

मैत्रिणींनो, बाळंतिणीचे मन खालावणे ही आपल्याकडे बोलायची गोष्ट नाही. डिंकाचे लाडू, शेक, मालिश, सगळे व्यवस्थित करतो, आणि ती रडली तर 'दूध उतरणार नाही, रडू नको' म्हणतो. औषधांच्या नोंदींत उतरलेला हा २६ टक्क्यांचा फरक म्हणूनच मला फार मोठा वाटतो. तिला लागत होता तो माणूस घरातलाच होता. फक्त त्याला घरी थांबायची मुभा हवी होती.

रजेच्या कायद्याबरोबर स्वीडनने आजूबाजूलाही पुष्कळ उभे केले. बाळाला घेऊन कोणालाही फुकट जाऊन बसता येईल अशी खुली बालवाडी असते, तिथे दुपारी बापच बाप दिसतात. पहिल्यांदा बाप होणाऱ्या पुरुषांचे गट भरतात, तिथे झोप, रडणे, चिडचिड यावर पुरुष पुरुषांशी बोलतात. आजारी मुलासाठी वेगळी रजा आहे, मूल बारा वर्षांचे होईपर्यंत वर्षाला १२० दिवसांपर्यंत. तिला 'वाब' म्हणतात, आणि फेब्रुवारीत सर्दी-तापाची साथ असते म्हणून त्या महिन्याला गमतीने 'वाबरुआरी'. या रजेत वडिलांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या जवळ आहे.

पण सगळे गोडच सांगणार नाही. १९९५ च्या नियमाचा अभ्यास करणाऱ्यांना हेही दिसले की बापाचा महिना घेतलेले वडील नंतर मूल आजारी पडल्यावर जास्त दिवस घरी राहिले असे काही झाले नाही. एका महिन्याने माणूस जन्माचा बदलत नाही. आणि पन्नास वर्षांनंतरही सत्तर टक्के दिवस आईच घेते. ज्याचे खाते उघडले तेवढेच भरले, बाकीची वही जुन्याच हाताने लिहिली जाते.

आपल्याकडे काय आहे? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पाचव्या वेतन आयोगानंतर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली. दोनपेक्षा कमी अपत्ये असतील तर, आणि बाळंतपणापासून सहा महिन्यांच्या आत. मुदतीत घेतली नाही तर ती बुडते. म्हणजे स्वीडनचे तत्त्व आपल्या नियमातही बसले आहे, फक्त दिवस पंधराच आणि लाभार्थी थोडे. २०१७ मध्ये मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, ते चांगलेच झाले, पण त्यात बापाला एक दिवसही नव्हता. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले. सरकारी नोकरच नव्हे, सगळ्यांनाच १५ दिवस आणि ते तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावेत, अशी त्यात सोय होती. त्याचा कायदा झाला नाही. सातव २०२१ मध्ये गेले. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाने हा विषय दिल्लीत नेला होता, हे आपल्या मुलींना माहीत असावे.

आणखी एक फरक हिशेबाचा आहे. आपल्याकडे २६ आठवड्यांचा पगार त्या बाईचा मालकच देतो, कर्मचारी राज्य विमा लागू असेल ते सोडून. त्यामुळे छोटा मालक लग्नाच्या वयाची मुलगी कामावर घेताना दहादा विचार करतो. स्वीडनमध्ये हे पैसे सामाईक विम्यातून येतात. सगळे मालक सगळ्या पगारांवर ठरावीक हप्ता भरतात, मग त्यांच्याकडे पुरुष असो की बाई. रजा कोणी घेतली म्हणून एका मालकाची तिजोरी रिकामी होत नाही. दुकान स्वतःचे असलेल्यालाही या विम्यातून दिवस मिळतात. आपल्या समाजात दुकानदार किती, हे सांगायला नको. दुकानाला रजा नसते म्हणतात. आमच्या घरी तर मुले लहान असताना हे रात्री साडेनऊला कुलूप लावून येत, तेव्हा दोघे झोपलेली असत. रविवारी त्यांना बाळ नवीन वाटे आणि बाळाला ते.

सरकार जेव्हा करेल तेव्हा करेल. तोपर्यंत घरात खाते उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. 'जरा मदत करत जा' हे वाक्य म्हणजे १९७४ चा कायदा. ऐकायला गोड, वाटा अर्धा टक्का. त्यापेक्षा एक काम पूर्णपणे बापाच्या नावावर लिहावे. संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवण उरकायची घाई असते, ओट्यावर एक हात आणि कडेवर बाळ, हे आपण सगळ्यांनी केले आहे. तो एक तास बापाचा. किंवा लसीची तारीख, डॉक्टर आणि फाइल, सगळे त्याचे. किंवा रविवारची आंघोळ. आणि सगळ्यात अवघड अट आपल्यासाठी आहे: त्याने ते केले नाही तर आपण उचलायचे नाही. लंगोट वाकडा बांधला तरी हात पुढे करायचा नाही. आई किंवा आजी त्या दिवसांना हात लावू शकत नाही, हेच तर त्या नियमाचे बळ होते.

आजीचे नाव निघाले म्हणून शेवटची एक बातमी. १ जुलै २०२४ पासून स्वीडनमध्ये पालकांना आपल्या रजेतले काही दिवस दुसऱ्या माणसाला, म्हणजे आजी-आजोबांनाही, देता येतात. प्रत्येक पालकाला ४५ दिवसांपर्यंत, एकट्याने मूल वाढवणाऱ्याला ९०. त्या दिवसांचा भत्ता आजीला मिळतो. आपण हे काम पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी करत आलो, त्यामुळे वाचून हसू आले. पण बघा, तिकडे आधी बापाचे दिवस पक्के केले, त्याला तीस वर्षे लागली, आणि मग आजीचे खाते उघडले. आपल्याकडे आजीचे पान केव्हाच भरले आहे. बापाचे पान कोरे आहे, ते आधी भरू या.